सासूबाईंची लघवी आणि रक्ताचा कागद

घरात आई किंवा सासूबाई साठीच्या पुढे असतील तर एवढे वाचाच. रात्री ४-५ वेळा उठणे, शिंकेसरशी लुगडे ओले होणे, उन्हाळी लागणे. बाया हे वयावर ढकलतात आणि लाजेने पाणीच तोडतात. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, शहापुरातली गावे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथे पाणी तोडणे काय अवघड! पण त्याने लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते.

पाळी गेल्यावर तिथली कातडी नाजूक होते, जंतू लवकर धरतात. म्हातारी एकाएकी बरळू लागली, जेवेना, तर देवऋषी नको, दवाखाना गाठा. लघवीतले जंतू हेही त्याचे कारण असू शकते.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून रक्ताचा कागद मिळाला की तीन ओळी पाहा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, तर रक्त कमी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, तर मधुमेहाचा संशय. सारखी लघवी त्यानेही होते. तिसरे क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचे काम सांगणारे. त्यात एक गोम आहे. ते स्नायूंतून तयार होते, म्हणून वाळलेल्या म्हातारीचे मूत्रपिंड थकले तरी आकडा ठीकच दिसतो. डॉक्टरांना वय सांगून मूत्रपिंड किती गाळते ते विचारा.

अंग बाहेर येत असेल तर तेही सांगा. शिंकताना गळत असेल तर लघवी रोखण्याचे स्नायू दिवसातून तीनदा, १०-१० वेळा आवळावेत. गुण यायला तीन महिने लागतात. लघवीत रक्त दिसले, किंवा थंडीताप येऊन कुशीत दुखले, तर त्याच दिवशी एस.टी. धरा.