इंजिनाचं तोंड

शंभर मिलिमीटरचं बिडाचं कास्टिंग हवं असेल तर ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो पॅटर्न एकशेएक मिलिमीटरचा करावा लागतो. वितळलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं. ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. पूर्वी पॅटर्नवाल्यांकडे त्यासाठी वेगळी पट्टीच असायची, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. आता संगणकावर टक्का टाकला की काम होतं. शिवाय वाळूतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून उभ्या भिंतींना अंशा-दोन अंशांचा उतार द्यायचा, मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर जादा माल ठेवायचा. थोडक्यात, पॅटर्न मुद्दाम चुकीचा केलेला असतो, म्हणून कास्टिंग बरोबर येतं. कागल पंचतारांकित एमआयडीसीत सिलिंडर हेड आणि पंपाच्या बॉडीचे पॅटर्न करण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे सांगावं लागत नाही. रेल्वे इंजिनाचं मॉडेलही याच जातीचं काम आहे, हे मात्र आमच्या शॉपमध्ये एक इंजिन करायला घेतल्यावरच नीट उमगलं.

इंजिन निवडलं ते ब्रिटिश रेल्वेचं क्लास ३७. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिनं बांधली. १७५० अश्वशक्तीचं बारा सिलिंडरचं व्ही-इंजिन, दोन बोग्या, प्रत्येकीला तीन आस, दोन्ही टोकांना केबिन आणि केबिनपुढे पुढे आलेलं बोजड नाक. आवाजावरून तिकडच्या शौकिनांनी त्याला ‘ट्रॅक्टर’ नाव ठेवलं. कागलात राहणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरे होतं. पण आणखी एक होतं. यातली बरीचशी इंजिनं तेव्हाच्या लँकेशायरमधल्या न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची वाफेची इंजिनंही याच कारखान्यातून आली होती. मुंबई-पुणे घाटात राबलेली डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिनं पुन्हा तिथलीच. तेव्हा हे इंजिन अगदीच परक्या घरातलं नव्हे.

माप कोणतं घ्यायचं यावर बराच खल झाला. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे ओओ: एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. त्यात एक जुनी गोम आहे. या हिशेबानं खरा १४३५ मिलिमीटरचा रूळ १८.८३ मिलिमीटरचा यायला हवा. प्रत्यक्षात तो १६.५ चा असतो. युरोपात फुटाला साडेतीन मिलिमीटरचं एचओ माप रुळलं आणि त्याला साडेसोळाचा रूळ बरोबर बसला. ब्रिटिश इंजिनं मुळात अरुंद आणि बुटकी, त्यामुळे त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. मग रूळ तोच ठेवून वरची बॉडी मोठी केली. ही तडजोड शंभर वर्षं होत आली तरी चालूच आहे. आपल्याकडेही तेच. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे एचओत सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं, पण भारतीय इंजिनांची मॉडेलं सर्रास साडेसोळाच्या रुळावर पळतात. कुणाचं बिघडत नाही, कारण समोरून वाकून बघणारे थोडे.

आम्ही ओ माप घेतलं, फुटाला सात मिलिमीटर, १:४३.५. खरं इंजिन साडेएकसष्ट फूट लांब. मॉडेल साधारण ४३० मिलिमीटर भरतं. आमच्या व्हीएमसी मशिनच्या टेबलावर ते आरामात बसतं. याहून लहान घेतलं असतं तर पॅटर्न करणाऱ्या आमच्या मेस्त्रींच्या बोटांना काही कामच उरलं नसतं.

बॉडीच्या सरळ भिंती पॉलियुरेथेनच्या (पीयू) बोर्डवर मशिननं काढल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, प्रोग्राम लावला की जेवून यावं. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवायची. इंजिन दोन्ही टोकांना सारखं दिसतं, पण तसं नसतं. एका टोकाला छतात रेडिएटरचा मोठा पंखा आणि त्याच्या खाली बाजूला जाळ्या. दुसऱ्या टोकाला तसं काही नाही. एक बाजू करून तिचा आरसा मारला की संपलं, असं इथं चालत नाही. नाकाचंही तेच. सुरुवातीच्या इंजिनांच्या नाकावर मधे दार आणि दोन्ही बाजूंना गाडीचा क्रमांक दाखवणाऱ्या दोन पेट्या होत्या. डी६८१९ पासून पुढे दार गेलं आणि मधोमध एकच लांबट पेटी आली. आधी क्रमांक ठरवायचा, मग नाक.

नाक मात्र मेस्त्रींनी सागात हातानं करायला घेतलं. आमचे मेस्त्री वडिलांच्या हाताखाली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिकले, तेव्हा शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांचे पॅटर्न लाकडातच होत. त्यांनी सागाचे थर एकमेकांना आडवे चिकटवले, म्हणजे पावसाळ्यात ठोकळा एका बाजूला फुगत नाही. कोल्हापूरच्या जुलैत हे न केलेला पॅटर्न महिन्याभरात वाकडा होतो. मग पत्र्याचे साचे कापून तीन ठिकाणी गोलाई तपासत पटाशी, कानस, पॉलिश पेपर. व्हर्नियर लावून सगळी मापं जुळली. करडा प्रायमर मारला, नाक ट्यूबलाइटखाली धरलं आणि मेस्त्री म्हणाले, “माप बरोबर हाय साहेब. पर नाक आलंय, त्वांड न्हाई आलं.”

ते खरं होतं. प्रायमर मारेपर्यंत लाकडाच्या रेषा डोळ्याला फसवतात. एकसारखा करडा रंग बसला की सावल्या बोलायला लागतात. खऱ्या इंजिनावर सूर्यप्रकाश जी कड हळुवार उजळवतो, तीच कड त्रेचाळीसपट लहान केली की उजेड तिथं एकदम तुटतो आणि नाक चेपल्यासारखं दिसतं. मेस्त्रींनी खऱ्या इंजिनाचा फोटो खिडकीत टेकवून ठेवला आणि नाकाचा माथा जिथं काचांच्या खालच्या चौकटीला भिडतो तिथली गोलाई थोडी वाढवली. तीनशेवीसचा पेपर बोटाभोवती गुंडाळून, दहा-बारा हात, पुन्हा प्रायमर, पुन्हा खिडकी. मापानं पाहिलं तर आता नाक चुकलं होतं. डोळ्यानं पाहिलं तर ते क्लास ३७ होतं.

त्या नाकावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतला आणि रेझिनची दोन नाकं ओतली. बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवला. ओतकामाची सवय असलेल्या माणसांना यात नवं काही नव्हतं, फक्त भट्टीची धग नाही.

खरी कसोटी लागते ती जाडीची. तीन मिलिमीटरचा पत्रा या मापात ०.०७ मिलिमीटर होतो. तेवढी पातळ भिंत उभी राहणार नाही. म्हणून भिंत दीड मिलिमीटरची ठेवायची आणि फक्त खिडकीच्या कडा आतून तासून पातळ करायच्या, कारण जाडी दिसते ती तिथंच. खोल बसलेल्या काचा हे वाईट मॉडेलचं पहिलं लक्षण. काच भिंतीच्या बरोबरीनं बसली की इंजिन मोठं वाटायला लागतं. पकडण्याच्या दांड्या ०.६ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या केल्या, म्हणजे खऱ्यातल्या जवळपास एक इंचाच्या. रंगाचंही असंच गणित. मॉडेलवर ०.०५ मिलिमीटरचा थर दिला तर त्रेचाळीसपट करून तो दोन मिलिमीटरच्या वर जातो. एवढा जाड रंग खऱ्या इंजिनावर कुणी मारत नाही. म्हणून स्प्रेगननं पातळ हात द्यायचे आणि अर्धी चमक ठेवायची. पूर्ण चकाकी दिली की इंजिन खेळण्यासारखं दिसतं. हवा दमट असली की रंगावर पांढुरकी साय येते, तेव्हा पाऊस उघडेपर्यंत थांबायचं.

बॅकमन, ॲक्युरास्केल या कंपन्यांची तयार क्लास ३७ बाजारात मिळतात, ओओ मापात, दिवे आणि आवाजासकट. त्यांच्या दांड्या, पायऱ्या, जाळ्या आमच्यापेक्षा बारीक असतात हे मान्य. पण मॉडेलची पारख करताना मी आता तपशील मोजत नाही. चार हात लांबून तोंड ओळखू येतं का, एवढंच बघतो. ते येत नसेल तर बाकीचे सुटे भाग कितीही लावा, उपयोग नाही.

हे सगळं जमलं त्याचं खरं श्रेय कागदांना आहे. पहिलंच क्लास ३७, डी६७००, ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात जपलेलं आहे, आणि या वर्गाचे आराखडे, मापं, चारही बाजूंचे फोटो घरबसल्या मिळतात. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत त्यावर मीटरगेज गाड्या धावल्या. मेस्त्रींना आता त्या गाड्यांचं एक इंजिन करायचंय, पण त्याचे असे कागद आमच्याकडे नाहीत. तेव्हा कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरजेकडच्या ज्या घरांत कुणी रेल्वेत नोकरीला होतं, त्यांनी जुने अल्बम एकदा उघडून बघावेत. इंजिनाचा फोटो बाजूनं काढलेला असावा आणि त्यात एक चाक पूर्ण दिसावं. चाकाचा व्यास कळला की बाकीची मापं त्यावरून काढता येतात. चाक दिसत नसेल पण इंजिनाशेजारी आजोबा उभे असतील तर तोही फोटो चालेल, फक्त त्यांची उंची मागे लिहून ठेवा.