विश्लेषण : रुळांची सुरक्षा मेगाब्लॉकवर का अवलंबून असते?

रविवारचा मेगाब्लॉक आणि थंडीच्या दिवसांत पहाटे ‘रुळाला तडा, लोकल खोळंबल्या’ या दोन्ही बातम्या मुंबईकरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. दोन्हींमुळे प्रवाशांची चिडचिड होते. मात्र पहिल्या बातमीवर काट मारली तर दुसरी वाढते, असा त्यांचा संबंध आहे. रूळ किती झिजला की बदलायचा, दोन रुळांमधील अंतर किती हलले की गाड्यांचा वेग कमी करायचा, याचे नियम रेल्वेकडे आहेत आणि ते पुरेसे कडक आहेत. ते पाळण्यासाठी रूळ मोकळा मिळतो का, हा खरा प्रश्न.

थंडीत रुळाला तडा का जातो?

पूर्वी रुळांचे तुकडे फिशप्लेटने जोडलेले असत आणि मध्ये फट असे. गाडीचा ‘खडाड् खट्’ आवाज त्या फटींचा. आता रूळ वेल्डिंग करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग केले जातात. एक किलोमीटर मोकळा पोलादी रूळ तापमान एका अंशाने वाढले तर सुमारे साडेअकरा मिलिमीटर लांबतो. तीस अंशांचा फरक पडला तर ही वाढ जवळपास ३५ सेंटिमीटर होते. स्लीपर आणि खडीने जखडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते, त्यामुळे हा सगळा ताण त्याच्या पोटात साठतो. उन्हाळ्यात तो रुळाला बाजूला वाकवू पाहतो, थंडीत ओढून तोडू पाहतो. रुळात किंवा वेल्डच्या जोडात एखादा सूक्ष्म दोष असेल तर पहाटेच्या गारठ्यात तो उघडा पडतो.

यात खडीचे काम मोठे आहे. रूळ बाजूला सरकू नये म्हणून तीच त्याला धरून ठेवते. खडीत माती-कचरा भरला, पाणी साचले, स्लीपरच्या टोकांकडची खडी ओसरली, की पकड सुटते. पाणी तुंबणाऱ्या मार्गांवर खडी चाळून स्वच्छ करण्याचे काम त्यामुळेच लांबवता येत नाही.

दोष शोधतात कसे?

सर्वांत जुनी आणि अजूनही रोजची पद्धत म्हणजे कीमन. हातोडा, पाना, झेंडे आणि फटाके घेऊन तो ठरलेला टप्पा पायी तपासतो आणि परतताना दुसऱ्या रुळावर नजर ठेवतो. तुटलेला रूळ दिसला तर त्याने आधी गाडी थांबवायची असते. त्यासाठी ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावायचे, असा नियम आहे. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक सावध होतो.

रुळाच्या पोटातला दोष डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक चाचणी होते. तातडीने काढण्याजोगा दोष आढळला तर तिथे लाल रंगाच्या तीन फुल्या मारतात, लक्ष ठेवण्याजोगा असेल तर एक. याशिवाय रुळांची पातळी, सरळपणा आणि त्यांमधील १६७६ मिलिमीटरचे अंतर धावता धावता मोजणारी ट्रॅक रेकॉर्डिंग कार असते. ट्रॅक सर्किट असलेल्या मार्गावर रूळ पूर्ण तुटला तर विद्युतप्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल होऊ शकतो, पण बारीक तडा त्याला कळत नाही. म्हणून माणसाची नजर लागतेच.

दुरुस्ती लगेच शक्य नसेल तर?

वेग कमी करायचा. अमेरिकेने १९७१ पासून हेच सूत्र कायद्यात बांधले आहे. तिथे रुळांचे दर्जे ठरलेले आहेत. पहिल्या दर्जाच्या रुळावर प्रवासी गाडीला ताशी १५ मैल म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, तर पाचव्या दर्जाच्या रुळावर ९० मैल म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाची मुभा असते. रुळाची अवस्था खालावली तर दुरुस्ती करा, नाही तर खालच्या दर्जाचा वेग स्वीकारा, एवढेच पर्याय कंपनीपुढे उरतात. भारतात हे काम ‘कॉशन ऑर्डर’ करते. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत ताशी ३० असे चालकाला लेखी कळवले जाते. मात्र प्रत्येक कॉशन ऑर्डरमागे गाड्यांची मिनिटे वाया जातात आणि वक्तशीरपणाचा आकडा घसरतो. ती लावणाऱ्या अभियंत्यावर किती दबाव येत असेल, हे समजण्यासाठी रेल्वेत नोकरी करावी लागत नाही.

मग गाड्या घसरतात का?

‘कॅग’ने २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालात रूळ घसरण्याच्या ११२९ घटनांचे चौकशी अहवाल तपासले. सर्वाधिक, म्हणजे १७१ प्रकरणांत कारण निघाले ते रुळांच्या देखभालीशी संबंधित. ट्रॅक रेकॉर्डिंग कारने करायच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट होती. राष्ट्रीय रेल संरक्षा कोश त्यासाठीच २०१७-१८ मध्ये उभारण्यात आला होता, तरी रूळ नूतनीकरणासाठीची तरतूद २०१८-१९ मधील ९६०७ कोटी रुपयांवरून पुढच्या वर्षी ७४१७ कोटींवर आली.

पैशाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील खतौली येथे अधिकृत ब्लॉक नसताना रुळाचे काम सुरू होते. त्यावर कलिंग उत्कल एक्स्प्रेस वेगात आली आणि २० हून अधिक जणांचा जीव गेला. दोष शोधला गेला होता आणि माणसे कामालाही लागली होती, फक्त त्यांच्यासाठी वाहतूक थांबलेली नव्हती. रुळावर काम करणाऱ्यांच्या जिवालाही हाच धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ पहाटे टॉवर वॅगनच्या धडकेत चार ट्रॅक मेंटेनर ठार झाले.

ब्लॉक का मिळत नाही?

मार्गावरील गाड्या वाढत गेल्या, रूळ त्या प्रमाणात वाढले नाहीत. मुंबईत शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यात जेमतेम तीन तास उरतात. त्यात ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद करायचा, यंत्र जागेवर न्यायचे, काम करायचे आणि रूळ परत सोपवायचा. खडी ठासणाऱ्या टॅम्पिंग यंत्राला सलग वेळ मिळाला तरच ते आणण्यात अर्थ असतो. त्यामुळे रविवारी माटुंगा ते मुलुंडसारख्या टप्प्यांत चार-पाच तासांचा ब्लॉक घ्यावा लागतो.

ऐन वेळी ब्लॉक मागणे आणि तो नाकारला जाणे टळावे म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेच्या सामान्य नियमांत बदल करून ‘रोलिंग ब्लॉक’ आणण्यात आला. त्यात ५२ आठवड्यांपर्यंतची कामे आधीच आखायची आहेत. मात्र गाडी सोडायची की रूळ अडवायचा, हा निर्णय अजूनही एकाच घरात होतो. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते. नियम करणे, गाड्या चालवणे आणि नियंत्रण ठेवणे ही तिन्ही कामे रेल्वे मंडळाकडेच असल्याने स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरण हवे, असे समितीने सांगितले होते. ते झालेले नाही. अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, पण रोजच्या ब्लॉकवर त्यांचा अधिकार चालत नाही.

ब्लॉक संपला तरी काम लगेच संपत नाही. खडी हलवल्यावर किंवा रूळ बदलल्यावर तो भाग गाड्यांच्या वजनाने बसेपर्यंत वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. रविवारी काम झालेल्या टप्प्यात सोमवारी सकाळी लोकल रेंगाळली, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.