अस्सी घाटावरील शिल्पकर्ती

काशीला जाण्याची ओढ महाराष्ट्राला शतकानुशतके आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात असतो, आणि तेथेच देह ठेवावा म्हणून उतारवयात काशीवासाला गेलेल्या एखाद्या पणजीची किंवा आजेसासूची हकीकत सांगितली जाते. परंतु जी हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे ती या सर्वांहून निराळी आहे. ती आहे, काशीला मरणासाठी नव्हे तर जगण्यासाठी आलेल्या एका परदेशी स्त्रीची.

वाराणसीच्या घाटांची रांग दक्षिणेकडे जेथे संपते, तेथे अस्सी घाट आहे. झाशीची राणी लक्ष्मीबाई जिथे जन्मली असे मानतात तो भदैनी मोहल्ला येथून हाकेच्या अंतरावर आहे. या घाटावरील गंगेकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या घरात १९३६ साली ॲलिस बोनर नावाच्या स्विस शिल्पकर्ती राहावयास आल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळिशीच्या सुमाराचे होते. त्या धर्मप्रसारासाठी आल्या नव्हत्या, की व्यापारासाठीही नव्हे. पुढे १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, हेच त्यांचे घर झाले.

ॲलिस बोनर यांचा जन्म २२ जुलै १८८९ रोजी इटलीतील लेन्यानो या गावी एका सुखवस्तू स्विस कुटुंबात झाला. ब्रुसेल्स, म्युनिक आणि बाझेल येथे त्यांनी चित्रकला व शिल्पकला यांचे रीतसर शिक्षण घेतले आणि झुरिकमध्ये शिल्पकर्ती म्हणून आपले स्थान निर्माण केले. मुलींनी हातात छिन्नी घ्यावी, ही गोष्ट त्या काळी युरोपातही सर्वसामान्य नव्हती, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

१९२६ साली झुरिकमध्ये त्यांनी एका तरुण भारतीय नर्तकाचे नृत्य पाहिले. तो नर्तक म्हणजे उदय शंकर. मानवी देहाची हालचाल इतकी भारदस्त आणि अर्थपूर्ण असू शकते, हे पाहून त्या थक्क झाल्या. पुढे पॅरिसमध्ये दोघांची पुन्हा भेट झाली आणि १९३० च्या सुमारास त्या उदय शंकरांबरोबर भारताच्या प्रवासास आल्या. नृत्य, वाद्ये, वेषभूषा, मंदिरे असे सारे पाहत त्यांनी देशभर भ्रमंती केली. त्यातून भारतीय नर्तक-वादकांचा एक संघ उभा राहिला. त्याच्या उभारणीत बोनरबाईंचा पैसा होता आणि श्रमही होते. ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये या संघाचा पहिला प्रयोग झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी या संघात होते. वाराणसीत जन्मलेला, उदय शंकरांचा दहा-अकरा वर्षांचा धाकटा भाऊही होता. त्याला पुढे साऱ्या जगाने पंडित रविशंकर म्हणून ओळखले.

संघाचा नावलौकिक युरोप-अमेरिकेत पसरला. असे यश हाती आले असता कोणीही तेथेच रमले असते. परंतु बोनरबाईंच्या मनाने निराळाच ध्यास घेतला होता. ज्या देशात ही कला जन्मली, त्या देशात राहिल्यावाचून तिचे मर्म कळणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. संघाचा व्याप सोडून त्या भारतात आल्या आणि काशीत स्थिरावल्या.

वाचकहो, या निर्णयाचे मोल काय होते याचा क्षणभर विचार करा. पन्नाशीकडे झुकलेली एकटी स्त्री, परका देश, परकी भाषा, अंगाला न मानवणारा उन्हाळा. आणि मागे टाकलेले घर, आप्त व कलाक्षेत्रातील प्रतिष्ठा! इतकेच नव्हे, तर जी शिल्पकला त्यांच्या आयुष्याचे साधन होती, तीही येथे हळूहळू मागे पडली. त्या चित्रे काढू लागल्या आणि मुख्यतः पाहू लागल्या. दुसऱ्यांनी, तेही हजार-बाराशे वर्षांपूर्वी, घडविलेल्या मूर्तींपुढे तासन् तास बसणे हेच त्यांचे काम होऊन बसले.

या पाहण्याचे एक मोठे क्षेत्र आपल्या महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे वेरूळ. वेरूळच्या लेण्यांतील मोठमोठे शिल्पपट आपणही पाहिले असतील. कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाचे, रावण कैलास हलवितो आहे ते शिल्प आठवा. कितीतरी आकृती, कितीतरी हात, खाली धडपडणारा दशानन आणि वर निश्चल शिव. तरीही पाहणाऱ्याची नजर कोठेही गोंधळत नाही. असे का व्हावे? हाच प्रश्न बोनरबाईंना पडला. या गर्दीला बांधून ठेवणारी, डोळ्यांना न दिसणारी एखादी रचना आत असली पाहिजे, असे त्यांच्या शिल्पकाराच्या नजरेने हेरले.

मग त्यांनी वेरूळ, बदामी, महाबलीपुरम् अशा ठिकाणच्या शिल्पपटांवर भूमितीच्या रेषा मांडून पाहण्यास आरंभ केला. त्यांची पद्धत थोडक्यात सांगायची तर अशी: शिल्पपटाच्या मध्याभोवती एक वर्तुळ काढावयाचे, व्यासांनी त्याचे समान भाग करावयाचे आणि परिघावरील बिंदू सरळ रेषांनी जोडावयाचे. असे केले असता मूर्तीचा उचललेला हात, वाकलेला गुडघा, झुकलेली मान यांच्या दिशा त्या रेषांवर किंवा त्यांना समांतर पडतात, असे त्यांना आढळले. काशीला आल्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९६२ साली, हे संशोधन हॉलंडमधील लायडन येथून इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्या बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

परंतु एक अवघड प्रश्न उरलाच होता. या रेषा खरोखर प्राचीन शिल्पींच्या मनात होत्या, की एका आधुनिक कलावतीने त्या दगडावर आपल्या कल्पनेने उमटविल्या? ज्या शोधात आयुष्य वेचले तोच भ्रम ठरण्याचे भय त्यात होते. त्यांनी मात्र वृद्धापकाळी पुराव्याचा शोध आरंभिला. ओडिशातील पंडित सदाशिव रथ शर्मा यांच्या साहाय्याने शिल्पशास्त्राच्या ताडपत्रावरील पोथ्या अभ्यासिल्या आणि १९६६ साली ‘शिल्पप्रकाश’ हा ग्रंथ भाषांतरासह प्रसिद्ध केला. कोणार्कच्या सूर्यमंदिरावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली वाराणसीतच निघाला. या पोथ्यांच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत पुढे मतभेद झाले, आणि रेषांच्या सिद्धांताचाही सर्वांनी स्वीकार केलेला नाही. पण त्यामुळे एक गोष्ट नाकारता येत नाही. भारतीय मूर्तीकडे केवळ देवतेची ओळख पटविण्यासाठी न पाहता, तिच्या घडणीचा विचार करीत पाहावे, हा धडा त्यांनी दिला.

झुरिक विद्यापीठाने १९६९ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि १९७४ साली भारत सरकारने ‘पद्मभूषण’ देऊन त्यांचा गौरव केला. वार्धक्याने प्रकृती खालावल्यावर १९७८ साली त्यांना गंगातीर सोडून मायदेशी परतावे लागले. १३ एप्रिल १९८१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, झुरिक येथे त्यांचे निधन झाले. जेथे लोक मरणासाठी येतात तेथे त्या आयुष्यभर राहिल्या. मरण मात्र त्यांना दूरदेशी आले. त्यांचे शेवटचे मोठे काम, ‘वास्तुसूत्र उपनिषद्’, त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ साली छापून झाले, आणि त्यांच्या दैनंदिनीतील निवडक भाग १९९३ साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला.

उतारवयाकडे आपण बहुधा निवृत्तीचा काळ म्हणून पाहतो. सत्तेचाळिशीत नवा देश, सत्तरी ओलांडल्यावर पहिला मोठा ग्रंथ आणि ऐंशीनंतरही पोथ्यांचा अभ्यास, असे हे जीवन आपल्या त्या समजुतीस नम्रपणे उत्तर देते.

पुढील खेपेस आपण मुलाबाळांसह वेरूळला जाल तेव्हा एक करून पाहा. चौतीसही लेणी एका दिवसात उरकण्याची घाई करू नका. एकाच शिल्पापुढे अर्धा तास बसा. मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि मूर्तीचा हात कोणत्या दिशेला गेला आहे, पाय कोठे टेकला आहे, एवढेच रेखाटू द्या. कोठून तरी दूरवरून आलेल्या एका स्त्रीने ज्या दगडांपुढे वर्षे घालविली, ते आपल्या अंगणात आहेत. त्यांच्यापुढे अर्धा तास बसणे आपल्याला जड जाऊ नये.