नुसता हूक लावून भागत नाही

सावद्यात हूक ही काही नवलाची वस्तू नाही. केळीची कापणी सुरू असली की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर एकामागून एक ट्रॅक्टर ट्रॉल्या घेऊन निघतात. त्या दोघांना जोडून ठेवणारी, अंगठ्याहून जरा जाड पिन कुणाच्या नजरेतही भरत नाही. आमच्या आतेभावाने मात्र मागच्या हिवाळ्यात वेगळाच हूक मनात धरला. मोटारीमागे छोटी कॅराव्हॅन जोडायची, पालच्या थंडीत मुक्काम करायचा आणि सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात उतरायचं. कल्पना वेडगळ नव्हे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाडीमागे ओढायच्या एका-दोन आसांच्या कॅराव्हॅन आणि घडीचे, तंबूचे ट्रेलरही धरलेले आहेत. भाऊ वेल्डिंगवाल्याकडे गेला. तिथं उत्तर तयार होतं, “भाऊ, अँगल पडलाय, गोळा आणू, तासाभरात लावून देतो.”

तासाभरात हूक लागतो, यात शंका नाही. पण कशाला लागतो? बंपर दिसायला दणकट असला तरी बाहेरून ते प्लॅस्टिकचं कातडं असतं. आत जी पट्टी असते ती धक्का सोसायला, वजन ओढायला नव्हे. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चॅसी असते, पण आजच्या बहुतेक मोटारींना ती नसतेच. दाबून घडवलेला पत्रा जोडून अख्खं अंगच सांगाडा केलेलं असतं. अशा पत्र्यावर वेल्डिंग केलं की तापलेल्या कडेला तो कमजोर होतो, गंजरोधक लेप जळतो आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच चीर धरते. खरा टोबार, म्हणजे ट्रेलर ओढायचा दांडा, गाडीच्या त्या मॉडेलसाठी बनवलेला असतो आणि कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच, दोन्ही बाजूंच्या मुख्य दांड्यांना बोल्टने आवळतात. टूलकिटमध्ये मिळणारी आट्यांची कडी म्हणजेही टोबार नव्हे. ती बंद पडलेली गाडी ओढून नेण्यापुरती.

‘डिझेल इंजिन आहे, घरसुद्धा ओढेल,’ असंही लोक सांगतात. ओढेलही, पण थांबवेल का? ज्या गाड्यांना ट्रेलर चालतो, त्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असेल तर किती वजन आणि नसेल तर किती. दुसरा आकडा पहिल्याहून बराच लहान असतो. युरोपात 750 किलोच्या वर एकूण वजन गेलं की ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. आणि मॅन्युअलमध्ये ‘ट्रेलर ओढू नये’ असं लिहिलं असेल, तर विषय तिथंच संपला. मग कितीही जाड अँगल लावा.

हे आपल्याला पटत नाही, कारण रोज उलटं दिसतं. 45 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. मागची भरलेली ट्रॉली त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाची असते आणि तिला बहुधा ब्रेक नसतो. सपाटीवर हे खपून जातं. उतार लागला की ट्रॉली मागून ढकलते आणि जरा वळणावर ट्रॅक्टरला आडवं करते. त्यात आणखी एक खोड. शेतात आखूड वळता यावं म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांची ब्रेक पेडलं वेगळी दिलेली असतात. रस्त्यावर येताना ती पट्टीने जोडायची असतात. घाईत पट्टी तशीच राहते, पाय एकाच पेडलवर पडतो, ट्रॅक्टर त्या अंगाला वळतो आणि ट्रॉली उरलेलं काम करते. लोक म्हणतात ड्रायव्हर झोपला होता!

हुकाच्या उंचीबद्दल तर आपल्याकडे हटवादीपणाच आहे. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायची तर साखळी जितकी वर बांधू तितका जोर जास्त, असं समजून ती थेट टॉप लिंकच्या कानाला बांधतात. काळी माती, पाण्यावरची बाग, मागची चाकं अर्धी गाडलेली. अशा वेळी क्लच झटक्यात सोडला की जमिनीने धरलेली चाकं फिरत नाहीत आणि इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. ओढ खालच्या ड्रॉबारला असली तर ती पुढची चाकं जमिनीवर दाबायला मदत करते. तीच आसाच्या वर बांधली तर पुढचं तोंड उचलायला हातभार लावते. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात क्लच दाबावा हे सुचतही नाही. म्हणून ओढायचं ते ड्रॉबारलाच. टॉप लिंक अवजारं तोलायला आहे.

ट्रेलरची दांडी ज्यावर बसते त्या मोटारीच्या गोळ्याचीही उंची ठरलेली असते. युरोपात 50 मिलिमीटरच्या गोळ्याचा मध्य, भरलेल्या गाडीवर, जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटर असावा लागतो. गोळा फार वर गेला की कॅराव्हॅन नाक वर करून चालते, खाली गेला तर नाक घासत.

आता सगळ्यात कमी बोललं जाणारं. मालाचं वजन ट्रेलरमध्ये कुठे ठेवलं, यावर गाडी सरळ चालणार की नाही हे ठरतं. आपल्या चार चाकी ट्रॉलीला पुढे-मागे दोन आस असतात, त्यामुळे दांडीवर भार जवळजवळ पडतच नाही आणि घड कुठेही रचले तरी भागतं. एका आसाची ट्रॉली किंवा कॅराव्हॅन मात्र तराजूसारखी असते. माल मागे गेला की दांडी वर उचलली जाते, गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि ठरावीक वेगानंतर ट्रेलर सापासारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. तसा तो झुलला तर आणखी वेग देऊन सरळ होत नाही आणि ब्रेक दाबूनही नाही. स्टिअरिंग घट्ट धरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा.

हे मोजायला गॅरेज लागत नाही. घरातला वजनकाटा घ्या, सपाट जागी ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून ट्रेलरची दांडी गोळ्याच्या उंचीएवढी टेकवा. पाचशे किलोच्या भरलेल्या कॅराव्हॅनसाठी 25 ते 35 किलो, म्हणजे एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के, एवढा भार दिसायला हवा आणि तो गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसायला हवा. काटा दहा दाखवत असेल तर पाण्याचा कॅन मागून उचलून आसाच्या जरा पुढे ठेवा, पुन्हा बघा. आम्ही ओट्यावर हा खेळ केला तेव्हा आतेभावाच्या गॅस सिलिंडरने नुसती जागा बदलून आकड्यात अकरा किलोंचा फरक पाडला.

वायरिंगबद्दल थोडक्यात. मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून पिळून जोडणं जुन्या जीपला चाललं. नव्या गाड्यांचे दिवे कॉम्प्युटर सांभाळतो, तिथं वेगळं मॉड्यूल लागतं.

‘मागून कुणी ठोकलं तर हूक बंपर वाचवतो’ म्हणून काही जण ओढायचं काहीच नसताना हूक मिरवतात. गाडीचं मागचं अंग चुरगळावं असंच बनवलेलं असतं, धक्का तिथं जिरतो. हूक तो धक्का थेट सांगाड्याला पोचवतो. शिवाय मागच्या मोटारसायकलवाल्याच्या नडगीचं काय? गाडीच्या पुढे लावायच्या बुल बारबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं, ते याच जातीचं दुखणं आहे.

आणि ‘ट्रॉलीला कसला आलाय नंबर?’ मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते आणि ओढणाऱ्या वाहनाचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर दिसावा लागतो. विम्यातही ट्रेलरची नोंद हवी. नुसत्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा दावा गृहीत धरू नका.

आतेभावाच्या गाडीच्या मॅन्युअलने शेवटी नकार दिला. त्याने तंबू घेतला आणि टपावर बांधला. त्या निमित्ताने मी घरच्या ट्रॉलीची पिन बाहेर काढून पाहिली. वरून तेल लावलेली, चकचकीत. मधोमध, जिथं हुकाचं भोक घासतं तिथं, कंबर पार बारीक झालेली. खालच्या क्लिपच्या जागी कुणीतरी बायंडिंग तार पिळली होती. अशी पिन वरून बघून कधीच कळत नाही. पुढची ट्रॉली बागेतून निघायच्या आधी तुमची पिन एकदा पूर्ण बाहेर काढा आणि मधोमध बोट फिरवून पाहा.