‘मट’ या ई-मेल-प्रणालीतील नियमांचा क्रम

संगणकाच्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटवून ई-मेलचा सर्व व्यवहार चालविणाऱ्या ज्या प्रणाली आहेत, त्यांत ‘मट’ हिचे स्थान महत्त्वाचे आहे. मायकेल एल्किन्स यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. २०१६ पासून ‘निओमट’ ही तिची एक शाखा स्वतंत्रपणे वाढत आहे, आणि मूळ प्रणालीची दुसरी प्रमुख आवृत्ती २०२० मध्ये निघाली. पत्रांची यादी, उघडलेले पत्र आणि कळफलकावरील एकेक कळ, एवढ्यावरच तिचे काम चालते. पत्र लिहिण्यासाठीदेखील ती सहसा बाहेरच्या लेखनप्रणालीचाच आधार घेते. ‘व्हिम’, ‘ईमॅक्स’ यांसारखी जी लेखनप्रणाली वापरणाऱ्याने नेमून दिली असेल ती उघडून देणे एवढेच ती करते.

असे असूनही संशोधकाने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, याचे कारण तिची शोधव्यवस्था होय. ‘एल’ ही कळ दाबून अट लिहिली की अटीत न बसणारी पत्रे दृष्टीआड होतात. अमुक व्यक्तीकडून, अमुक दोन तारखांच्या दरम्यान आलेली आणि विषयात ‘बोली’ हा शब्द असलेली पत्रे हवी असल्यास तिन्ही अटी एकत्र लिहिता येतात. ‘किंवा’ आणि ‘नाही’ यांचाही उपयोग करता येतो. शिवाय पत्र, त्याचे उत्तर आणि उत्तराचे प्रत्युत्तर ही मालिका एकाखाली एक अशी मांडता येते.

परंतु या प्रणालीचे खरे सामर्थ्य, आणि नवख्याची खरी अडचणही, तिच्या ‘मटआरसी’ या संचिकेत आहे. ही साध्या मजकुराची संचिका असून तिच्यात वापरणाऱ्याने आपले नियम लिहावयाचे असतात. प्रणाली सुरू होताना प्रथम संगणकावरील सर्वांसाठी असलेली सामाईक संचिका वाचली जाते आणि नंतर वापरणाऱ्याची स्वतःची. दोन्हींत एकाच गोष्टीविषयी भिन्न आज्ञा असतील तर नंतर वाचलेली आज्ञा टिकते. म्हणजे कोणता नियम लिहिला याइतकेच तो कोठे लिहिला यालाही येथे महत्त्व आहे.

ही गोष्ट ‘हुक’ नामक नियमांत विशेष जाणवते. हुक म्हणजे विशिष्ट प्रसंगी लागू होणारा नियम. पत्रपेटी उघडताना ‘फोल्डर-हुक’ लागू होतो आणि पत्र पाठविताना ‘सेंड-हुक’. समजा, एखाद्या अध्यापकाने असा सेंड-हुक लिहिला की परीक्षा-समितीला लिहिताना ‘सदस्य, परीक्षा-समिती’ ही स्वाक्षरी यावी. नियम अचूक आहे आणि समितीला जाणारे पत्रही बरोबर जाईल. परंतु हुकाने केलेला बदल त्या पत्रापुरता मर्यादित राहत नाही; दुसरी आज्ञा मिळेपर्यंत तो कायम असतो. त्यामुळे त्याच बैठकीत पुढचे पत्र एखाद्या विद्यार्थ्याला गेले तर त्याखालीही तीच स्वाक्षरी उमटेल, आणि जे सदस्यत्व गोपनीय राखावयाचे ते उघड होईल. यावर उपाय असा की प्रथम सर्व पत्रांना लागू पडणारा सामान्य नियम लिहावा आणि त्याच्या खाली विशेष नियम. सामान्य नियमात नमुन्याच्या जागी केवळ एक टिंब दिले की तो प्रत्येक पत्राला लागू होतो. जुळणारे सर्व सेंड-हुक वरून खाली क्रमाने अमलात येत असल्याने, प्रत्येक पत्राच्या वेळी साधी स्वाक्षरी आधी पूर्ववत होते आणि प्रसंग असेल तरच विशेष स्वाक्षरी तिची जागा घेते.

व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे पाणिनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तुल्यबल नियमांत विरोध आल्यास नंतरचा नियम प्रवृत्त होतो, असा अष्टाध्यायीतील एका परिभाषेचा परंपरागत अर्थ आहे. साम्य मात्र येथेच संपते. पाणिनीय परंपरेत अपवाद हा अपवाद असल्यामुळेच उत्सर्गाला बाधतो. तो आधी आला की नंतर, हा प्रश्न गौण ठरतो. मटला उत्सर्ग आणि अपवाद यांतील भेद कळत नाही. टिंबाचा सामान्य नियम विशेष नियमाच्या खाली लिहिला गेला तर तो विशेष नियमाचा परिणाम पुसून टाकतो, आणि तेही कोणतीही सूचना न देता. अपवादाचे बळ त्याच्या आशयात नसून केवळ स्थानात आहे, हे ध्यानी ठेवूनच संचिका रचावी लागते.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की सर्व हुकांना हा न्याय लागू नाही. आलेले पत्र कोणत्या पेटीत साठवावे हे सुचविणारा ‘सेव्ह-हुक’ आणि धाडलेल्या पत्राची प्रत कोठे ठेवावी हे सांगणारा ‘एफसीसी-हुक’ यांच्या बाबतीत जो नियम प्रथम जुळतो तोच ग्राह्य धरला जातो. तेथे विशेष नियम वर आणि सामान्य नियम तळाशी हवा. एकाच संचिकेत दोन परस्परविरुद्ध क्रम नांदतात. तिसरा प्रकार ‘रिप्लाय-हुक’ हा उत्तरासाठी असून, तो संचिकेत कोठेही लिहिला असला तरी सेंड-हुकाच्या आधीच तपासला जातो.

वर्णसंकेतांच्या बाबतीतही क्रमच निर्णायक ठरतो. जाणाऱ्या पत्रासाठी मूळ यादी ‘यूएस-आस्की’, ‘आयएसओ-८८५९-१’, ‘यूटीएफ-८’ अशी आहे. मजकूर जेथे प्रथम तंतोतंत मावेल तो संकेत निवडला जातो. साधे इंग्रजी पत्र पहिल्यातच बसते, फ्रेंचमधील स्वराघातचिन्हे दुसऱ्यात, आणि मराठी पत्र तिसऱ्यापर्यंत पोहोचते. येणाऱ्या पत्रावर संकेताचा उल्लेखच नसेल तर ‘असूम्ड-कॅरसेट’ या यादीचा आधार घेतला जातो. मात्र पत्राच्या मुख्य मजकुरापुरते तिच्यातील पहिलेच नाव विचारात येते. मराठी पत्रव्यवहार करणाऱ्याने तेथे ‘यूटीएफ-८’ प्रथम ठेवणे इष्ट. अर्थात संकेत बरोबर असला तरी पडद्यावरील दर्शन निर्दोष असेलच असे नाही. अक्षरपडदा समान रुंदीच्या चौकटींचा बनलेला असल्यामुळे अनेक ठिकाणी जोडाक्षरे सुटी दिसतात व वेलांट्या सरकतात. हा दोष दर्शनाचा आहे, पत्राचा नव्हे. तेच पत्र देवनागरी नीट दाखविणाऱ्या लेखनप्रणालीत उघडले असता मजकूर शाबूत असल्याचे दिसते.

नियम लिहून झाल्यावर त्यांची परीक्षा करणे अगत्याचे आहे. अपूर्णविरामाची कळ दाबून ‘सेट’, त्यापुढे त्या गोष्टीचे नाव आणि प्रश्नचिन्ह असे लिहिल्यास तिचे त्या क्षणीचे मूल्य कळते. समितीला एक पत्र धाडून लगेच स्वतःलाच दुसरे धाडावे आणि त्याखाली कोणती स्वाक्षरी आली हे पाहावे. आणखी एक दक्षता अशी की सेंड-हुक हा प्रारंभीची प्राप्तकर्त्यांची यादी पाहून एकदाच चालतो. पत्र लिहून झाल्यावर नवे नाव जोडल्यास त्या नावाचा नियम लागू होत नाही; त्यासाठी प्रत्येक बदलानंतर तपासला जाणारा ‘सेंड२-हुक’ आहे. तो असला तरी पाठविण्याची कळ दाबण्यापूर्वी ‘प्रेषक’ व ‘प्रति’ या दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात. कारण नियम कितीही नेटके रचले तरी पत्राची जबाबदारी अखेर पत्र लिहिणाऱ्याचीच असते.