कार्ड एक, दारे मात्र अनेक!

भोकरदन, मंठा, घनसावंगीहून पोटासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या खिशात आज किती कार्डे असतात, ते एकदा मोजून पाहावे. बँकेचे एक, मेट्रोचे दुसरे, सवलतीचे तिसरे. लोकलचा पास आणखी वेगळा. प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला एखाद्या कार्डात पडून राहिलेले शंभर रुपयेही जड जातात. मग एकच कार्ड सगळीकडे का चालत नाही?

एसटी महामंडळाने २०१९ साली स्मार्ट कार्ड आणले. ज्येष्ठ नागरिकांनी आधार दाखवून आगारात रांगा लावल्या. नोंदणीची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. पुढे २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट मिळाले, तेव्हा स्मार्ट कार्डाची सक्ती नव्हती. वयासाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र चालले. ज्या सवलतीत अटी कमी, ती गोरगरिबांच्या हाती लवकर पडते, हे तेव्हा दिसून आले.

अडचण नेमकी कुठे?

पहिली अडचण यंत्राची. एका सेवेचे यंत्र दुसऱ्या सेवेचे कार्ड ओळखत नाही. दुसरी अडचण हिशेबाची. कार्ड एका बँकेचे, बस दुसऱ्याची. मग तिकिटाचे पैसे कोणी, कधी, कोणाला द्यायचे? तिसरी अडचण सवलतीची. विद्यार्थिनीचा पास किंवा वृद्धाची सूट एका सेवेत चालते, दुसरीत नाही.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली 'ऑक्टोपस' कार्ड सुरू झाले. तिथे रेल्वे, बस आणि बोट चालवणाऱ्या पाच कंपन्यांनी आधी मिळून एक कंपनी काढली, मगच कार्ड छापले. आपल्याकडे प्रत्येकाने आधी आपापले कार्ड छापले आणि एकोप्याचा विचार नंतर केला.

मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने सर्व वाहनांसाठी एक कार्ड आणले. त्याला एनसीएमसी म्हणतात. त्याच्या चिपमध्येच २,००० रुपयांपर्यंत रक्कम राहते, त्यामुळे रेंज नसली तरी तिकीट निघते. पण बँकेतून भरलेले पैसे चिपमध्ये उतरवायला कार्ड पुन्हा यंत्राला लावावे लागते. ते ठाऊक नसल्याने 'पैसे भरले, पण फाटक उघडेना' अशी गत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत लोकल, मेट्रो, मोनो आणि बस मिळून ११ सेवांच्या तिकिटांचे 'मुंबई वन' ॲप आले. सोय चांगली, पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याचे काय?

रेशनचा धडा

ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्डाची अदलाबदल सुरू झाली. पुढे ती देशभर पोचली. ऊसतोडीला परमुलखात गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानात आपले धान्य मागता येते. सरकारांनी हिशेब आपसात ठरवला, म्हणून हे जमले. मात्र कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटत नाही, हे दुखणे आहेच.

घरच्यांनी एवढे करावे

कार्डावर लागेल तेवढीच रक्कम भरावी. पावती जपावी. चिपमधले पैसे रोख रकमेसारखेच असतात. पिन लागत नाही, म्हणून कार्ड जपून वापरावे. पैसे अडकले तर ज्या बँकेचे कार्ड आहे, तिच्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे. आजी-आजोबांना कार्ड वापरून दाखवावे, त्यांचा तक्रार अर्ज लिहून द्यावा. कार्ड कितीही हुशार असो, आपला पैसा कुठे अडकला ते विचारणारा माणूस घरात हवा.