रापणीचा दोर

तळाशीलच्या पुळणीवर सकाळी उतरलेल्या पाहुण्याला आधी वाटतं, इथं कुणीच नाही. मालवण तालुक्यातली ही चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावल खाडी आणि मधे माडच माड. ओल्या रेतीवर कुर्ल्यांनी काढलेली नक्षी. पाहुणा मोबाइल उगारतो, तेवढ्यात चौकटीत माणसं शिरतात. पंधरावीस जण, समुद्राकडे तोंड करून उलटे चालत येणारे.

रापण चाललेली असते.

होडी तांबडं फुटतानाच पाण्यात गेलेली. पाण्याचा बदललेला रंग, एकाच जागी घिरट्या घालणारे कुरव, पृष्ठभागावरची बारीक थरथर, एवढ्यावरून होडीचा म्होरक्या, तांडेल, मासळीचा अंदाज बांधतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी आत जाते, जाळं सोडत अर्धवर्तुळ मारते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर आणून देते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंग, खालच्या कडेला वजनं. त्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. काहीशे मीटरची ही भिंत फक्त हातांनी किनाऱ्याला आणायची.

हातांनी म्हणणं तसं चुकीचंच. दोराला लागलेल्या हौशी पाहुण्याला शेजारचा आजोबा पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, "हातान नाय, आंगान ओढूचा." टाच रेतीत रोवायची, अंग मागे टाकायचं, एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. सगळ्यांचं वजन एका क्षणी दोरावर पडलं तरच जाळं हलतं. रांगेतला शेवटचा माणूस माडांच्या सावलीपर्यंत पोचला की दोर सोडतो, चालत पाण्याच्या कडेला जातो आणि पुन्हा पहिला होतो. सुटलेला दोर एक जण वेटोळं घालून नीट रचत बसतो. दोन-तीन तास हेच. पाहुण्याचे तळवे अर्ध्या तासात सोलतात.

हा दोर आता नायलॉनचा. पूर्वी तो काथ्याचा असे, म्हणजे ह्याच माडांचा. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घालायची, मग बडवून काथ्या काढायचा आणि वळायचा. फोटोत शोभेला उभे दिसणारे हे माड एके काळी रापणीचे भागीदारच होते म्हणा ना. अजूनही होड्या विसावतात त्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपीतच.

जाळ्याची दोन्ही टोकं जवळ येऊ लागतात तशा दोन्ही रांगाही एकमेकींकडे सरकतात. आता आवाज चढतात. बायका टोपल्या घेऊन येतात, घारी खाली उतरतात. जाळ्याचा मधला फुगवटा उथळ पाण्यात आला की चंदेरी तडतड सुरू होते: तारले, पेडवे, बांगडे, चारदोन सुंगटं, एखादा शेंगाळा. कधी पाट्याच्या पाट्या भरतात, कधी एवढा घाम गाळून नुसता कचरा आणि जेलीफिश. पारंपरिक मच्छीमारांचा रोख यावेळी आपोआप क्षितिजावरच्या मोठ्या बोटींकडे वळतो. राज्याने 2016 साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी रात्री दूरवर पाणी उजळलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी रापणीवर चर्चेला दुसरा विषय लागत नाही. रापण किनाऱ्याला बांधलेली. मासळी जवळ आली तरच तिला मिळणार.

लिलाव तिथंच रेतीवर होतो. जाळ्या-होडीचा वाटा वेगळा, बाकीचे माणसांचे वाटे. दोराला हात लावलेल्या परक्यालाही मूठभर मासळी द्यायची, हा रिवाज.

पाहुण्याकडे पिशवी नसते. आजोबा खाली पडलेल्या चुडतातला एक हीर सोलतात, चार बांगडे कल्ल्यांतून ओवतात, गाठ मारतात आणि माळ त्याच्या सोललेल्या तळव्यावर ठेवतात. खारं पाणी झोंबतं. तोवर मागे पोरांनी जाळं धुवायला घेतलेलं असतं.